दर्यावरून घरी : बोटीवरच्या बिनतारी इंटरनेटविषयी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका निवृत्त रेडिओ ऑफिसरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान देणे हा माझा पेशा नाही. माझी उमर जहाजाच्या रेडिओ रूममध्ये गेली आणि तिथे बोलण्यापेक्षा ऐकण्याचे काम अधिक. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिले तर आपण ते पदरात घ्यावे, अशी विनंती करतो.

चिटणीससाहेबांनी मला बोलावणे धाडले त्याला एक निमित्त आहे. मागच्या पावसाळ्यात आपल्या मोहल्ल्यातील एका घरी काय घडले हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. घराचे नाव घेत नाही. मुलगा मालवाहू जहाजावर. रोज इशाच्या नमाजनंतर अम्मीला व्हॉट्सॲपवर त्याच्या दोन ओळी यायच्या. एके दिवशी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. कोणी तरी मोबाईलवर जहाजांचा नकाशा उघडला, तर जहाजाचा ठिपका दक्षिण आफ्रिकेच्या खाली एकाच जागी खिळलेला. मग काय विचारता! घरात माणसे जमली, बायका रडू लागल्या, कोणी म्हणे जहाज बुडाले, कोणी म्हणे चाच्यांनी पकडले. कंपनीला फोन करावा हे कोणाला सुचले नाही, कारण कंपनीचा नंबरच घरात नव्हता. पाचव्या दिवशी मला बोलावले. मी मुलाच्या कराराचा कागद शोधायला लावला, त्यावरचा मुंबईच्या कचेरीचा नंबर फिरवला आणि दहा मिनिटांत उत्तर आले : जहाज व्यवस्थित चालले आहे, सर्व मंडळी खुशाल आहेत. मुलाच्या वाट्याचा महिन्याचा डेटा संपला होता, इतकेच. संपला कसा? त्याच्या फोनने बंदरात काढलेले सारे फोटो त्याला न विचारता आपल्या आपण इंटरनेटवर चढवले होते.

या प्रकारावर हसणे सोपे आहे. पण त्या अम्मीने पाच दिवस तोंडात घास घेतला नव्हता. म्हणून बोटीवर इंटरनेट येते कसे, तुटते का आणि ते भरवशाचे करायचे तर काय करावे लागते, हे चार शब्दांत सांगावे असे मी ठरवले. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतला एखादा माणूस दर्यावर आहे. कोणी मोठ्या जहाजावर, कोणी मासेमारीच्या बोटीवर. दोघांची गोष्ट वेगवेगळी आहे, ती मी वेगळीच सांगणार आहे.

आधी थोडे मागचे. मी १९७९ साली पहिल्यांदा जहाजावर चढलो तेव्हा घरी निरोप धाडायचा तर रेडिओ टेलिग्राम. दर शब्दाला पैसे, म्हणून माणसे शब्द वाचवायची. ‘खुशाल आहे, रमझानअखेर येतो’ एवढ्यावर चार महिने निभावायचे. मोर्सच्या टिकटिकीत ते मी पाठवायचो आणि मुंबई रेडिओ म्हणून जे किनाऱ्यावरचे केंद्र होते, ज्याची निशाणी व्हीडब्ल्यूबी, ते घ्यायचे. खलाशी मला ‘मार्कोनी साहेब’ म्हणत. पाचशे किलोहर्ट्झच्या लहरीवर दर तासाला दोन वेळा, पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांत, जगातल्या सर्व जहाजांनी गप्प राहायचे असा दंडक होता. का, तर कोणी बुडणारा क्षीण आवाजात हाक मारत असेल तर ती ऐकू यावी. रेडिओ रूमच्या घड्याळावर ती तीन-तीन मिनिटे लाल रंगवलेली असत.

१९८४ साली आम्ही आफ्रिकेच्या किनाऱ्याने चाललो होतो. मुंबई रेडिओ ज्या जहाजांसाठी निरोप आहेत त्यांची यादी वाचत होते, त्यात आमच्या जहाजाची निशाणी आली. मी उत्तर दिले, पेन्सिल घेतली. आधी तारेचा क्रमांक येतो, मग शब्दसंख्या, मग पत्ता. पत्त्यात माझेच नाव होते. मजकूर पाच शब्दांचा होता : माझे वालिद गेले, दफनविधी झाला. पाचही शब्द लिहून घेतले, ‘मिळाले’ म्हणून पोच दिली. तार लिफाफ्यात घालून ज्याची त्याच्या हाती द्यावी असा नियम होता. मी ती उघडीच कॅप्टनसाहेबांकडे नेली. त्यांनी वाचली, मला खुर्चीत बसवले आणि त्या दिवसापुरती रेडिओ रूम बंद ठेवली. पुढचे बंदर अठरा दिवसांवर होते.

हे सांगितले ते डोळ्यांत पाणी आणण्यासाठी नव्हे. पुढे बोलताना या तारेचे काम पडणार आहे.

मोर्सचे दिवस १९९९ च्या १ फेब्रुवारीला संपले. उपग्रहावर चालणारी नवी संकटसूचक व्यवस्था त्या दिवसापासून जगभर पूर्णपणे लागू झाली आणि जहाजावरची रेडिओ ऑफिसरची जागाच गेली. आमच्यापैकी कित्येकांना चाळिशीत दुसरा धंदा शोधावा लागला. मी फिशिंग बोटींची यंत्रे दुरुस्त करू लागलो, आजही करतो. असो.

आता मुद्द्याकडे येतो. बोटीवर इंटरनेट यायला दोनच रस्ते आहेत. एक किनाऱ्यावरच्या मोबाईल टॉवरकडून, दुसरा आकाशातल्या उपग्रहाकडून. बोटीतला वायफाय हा तिसरा रस्ता नव्हे. वायफाय म्हणजे घरातला नळ. विहिरीत पाणी नसेल तर नळ कितीही चकचकीत असो, कोरडाच राहणार. ‘वायफाय तर पूर्ण दिसतो, मग मेसेज का जात नाही?’ असे विचारणारे मला आठवड्याला दोन भेटतात.

टॉवरचा रस्ता आधी घेऊ. लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, म्हणून उंचीला महत्त्व. विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत लिहून घ्यावा. अँटेना समुद्रसपाटीपासून जितके मीटर उंच, त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याला सुमारे ४.१ ने गुणा. येईल तितके किलोमीटर त्याची नजर पोहोचते. आपल्या सड्यावरचा टॉवर समुद्रापासून १०० मीटर उंच धरला तर त्याची नजर ४१ किलोमीटर. बोटीत उभ्या माणसाच्या हातातला फोन दोन मीटरवर, त्याची नजर सुमारे सहा. बेरीज ४७. तोच अँटेना डोलकाठीवर नऊ मीटरवर बांधला तर त्याची नजर बारा आणि बेरीज ५३. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात टॉवरची तोंडे वस्तीकडे, तीही जराशी खाली झुकवून लावलेली असतात, कारण पैसे देणारी गिऱ्हाइके गावात राहतात, समुद्रात नव्हे. शिवाय जुन्या टू-जीच्या यंत्रणेत ३५ किलोमीटरपलीकडच्या फोनशी बोलणेच सहसा बसत नाही. तिथे वेळेचे गणित चुकते. म्हणून ‘पंचवीस मैलांवर रेंज येते’ असे जो दुकानदार छातीठोक सांगतो, त्याला एकदा बोटीवर न्यावे.

आपल्या किनाऱ्याची आणखी एक गंमत आहे. खाडीच्या मुखाशी कड्याच्या पोटाला लागून बोट उभी असली की रेंज नाही आणि दोन मैल बाहेर गेले की येते. तांडेल मंडळींना हे चांगले ठाऊक आहे. कारण सोपे आहे : टॉवर सड्याच्या माथ्यावर आणि तुम्ही कड्याच्या सावलीत.

फोनवर रेंजच्या दोन काड्या दिसतात, तरी मेसेजवरचे घड्याळ फिरतच राहते, हा अनुभव सर्वांना आहे. त्याचे असे आहे. मशिदीच्या भोंग्यावरची अजान खाडीपलीकडे स्वच्छ ऐकू येते. म्हणून तुम्ही पलीकडून हाक मारली तर मुअज्जिनला ऐकू जाईल का? टॉवर हा भोंगा आहे आणि तुमचा फोन म्हणजे उघड्या गळ्याची हाक. फोन टॉवरला ऐकतो, टॉवर फोनला ऐकत नाही. उपाय म्हणजे फोनला बाहेरचा कान आणि बाहेरचा गळा द्यायचा. डोलकाठीवर चांगला अँटेना, त्याच्या लगत सिम कार्डाचा राउटर, आणि राउटरकडून बोटीभर वायफाय. लाकडी व फायबरच्या बोटीत वायफाय सहज फिरतो.

माझ्या पुतण्याच्या ट्रॉलरवर हे आम्ही बसवले. तीन वेळा फसलो, ते सांगतो. चौथ्याला तरी पैसे वाचतील.

पहिल्या खेपेला मी अँटेना वर आणि राउटर खाली केबिनमध्ये ठेवला, मधे दहा मीटर पातळ केबल. माझ्यासारख्या जुन्या माणसाला हे कळायला हवे होते. या लहरींवर पातळ केबल दहा मीटर नेली की निम्म्याहून अधिक सिग्नल वाटेतच आटतो. वर कमावले ते केबलने खाल्ले. मग राउटर पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून अँटेनाखालीच बांधला आणि खाली नेटवर्कची केबल सोडली. दुसरी चूक हौसेची. जास्त ताकदीचा म्हणून महागाचा अँटेना आणला. जास्त ताकदीचा अँटेना लहरी पातळ चकतीसारख्या पसरतो. घराच्या गच्चीवर तो उत्तम. बोट डुलते, एका बाजूला कलली की चकती आभाळात, दुसऱ्या बाजूला कलली की पाण्यात. हलका, साधा अँटेना तिथे जास्त इमानी ठरला. तिसरी चूक विजेची. इंजिनाला स्टार्टर मारला की बॅटरीचा दाब क्षणभर पडतो, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि पाच मिनिटे हातची जातात. त्याला वेगळी बॅटरी दिली तेव्हा तो सुधारला. आणि खाऱ्या हवेचे काय सांगावे! केबलच्या जोडावर महिन्या-दोन महिन्यांत हिरवी बुरशी धरते. जोड आधी कोरडा पुसावा, मग स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. माझ्या अनुभवात बोटीवरचे निम्मे ‘नेटवर्क गेले’ हे या जोडाचेच दुखणे असते.

बाजारात सिग्नल वाढवण्याचे बूस्टर म्हणून डबे मिळतात. ते विनापरवाना वापरणे कायद्याने गुन्हा आहे आणि शेजारच्या सर्व फोनांना त्याचा त्रास होतो. तो नाद करू नये.

आता मोठे जहाज. किनारा सुटला की टॉवर संपला, पुढे उपग्रह. जुन्या पद्धतीचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी टांगल्यासारखा असतो. तुमचा निरोप वर, तिथून खाली जमिनीवर, उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली. प्रकाशाच्या वेगालाही याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. म्हणून जहाजावरच्या मुलाशी बोलताना दोघे एकदमच बोलू लागतात आणि दोघे एकदमच गप्प होतात. एक वाक्य संपवून थांबावे, हे आमच्या जुन्या रेडिओतले वळण तिथे कामी येते.

जहाजाच्या माथ्यावर पांढरे घुमट दिसतात, त्यांच्या आत डिश असते. जहाज कसेही डुलो, मोटारी आणि जायरो मिळून ती डिश उपग्रहावर रोखून धरतात. पण डिश आणि उपग्रह यांच्या मधे जहाजाचेच धुराडे वा क्रेन आली की संबंध तुटतो. ज्या मार्गावर उपग्रह नेमका धुराड्याच्या मागे पडतो, तिथे जहाज दिशा बदलेपर्यंत कित्येक तास इंटरनेट नसते. म्हणून चांगल्या जहाजावर दोन घुमट असतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मुसळधार पावसातही वेगवान लहरी विरतात. पावसाला न जुमानणाऱ्या लांब लहरीही आहेत, पण त्यांचा वेग बेताचा. २००७ साली सुरू झालेल्या फ्लीटब्रॉडबँडचा कमाल वेग सेकंदाला ४३२ किलोबिट, आणि तोही सर्व जहाजाने मिळून वापरायचा.

इथे आपल्या मोहल्ल्यातल्या फोटोंची गोष्ट परत येते. वीस-बावीस माणसे जहाजावर. बंदर सोडल्यावर वीस फोन एकदम फोटो चढवू लागतात, ॲप नवी करू लागतात, आणि साधा ‘पोहोचलो, खुशाल आहे’ हा मेसेज त्या गर्दीत अडकतो. व्हिडिओ कॉलला साध्या आवाजाच्या कॉलच्या कितीतरी पट डेटा लागतो. लिहिलेल्या मेसेजला जवळजवळ काहीच लागत नाही. जहाजावर जाणाऱ्या मुलाने बॅग भरताना फोनमधले आपोआप होणारे सारे व्यवहार बंद करावेत. घरच्यांनीही त्याला सकाळ-संध्याकाळ गुलाबाची फुले आणि लांबलचक व्हिडिओ पाठवू नयेत. ती फुले त्याच्या वाट्याच्या डेटातून वजा होतात.

शिवाय जहाज म्हणजे पोलादाची पेटी. पोलाद वायफाय अडवते. दर मजल्यावर, दर वाटेत वेगळे यंत्र बसवून केबलीने जोडावे लागते. ज्या मालकाने तो खर्च टाळला, त्या जहाजावर मुले जेवणघराच्या कोपऱ्यात उभी राहून घरी बोलतात. वीस जणांच्या देखत बायकोशी काय बोलणार?

२०१९ पासून जमिनीपासून सुमारे ५५० किलोमीटरवरच फिरणारे उपग्रह मोठ्या संख्येने सोडले जाऊ लागले. स्टारलिंकने जहाजांसाठी सेवा काढली ती जुलै २०२२ मध्ये. तेव्हा दोन डिशचे दहा हजार डॉलर आणि महिन्याला पाच हजार डॉलर असा दर होता; तो पुढे बराच उतरला. उपग्रह जवळ असल्याने बोलण्यातला तो अर्ध्या सेकंदाचा अडखळा राहत नाही. पण आभाळ मोकळे हवे ही अट कायम आहे, आणि ज्या देशाने परवानगी दिलेली नाही त्याच्या हद्दीत सेवा बंद ठेवावी लागते. शहाणा मालक म्हणून नवी सेवा घेतानाच जुनी संथ जोडणी काढून टाकत नाही. एक तुटली की यंत्र आपोआप दुसरीवर जाते. भरवशाचे इंटरनेट मी याला म्हणतो. नुसत्या वेगाला नव्हे.

मालकाला हे करायला कायदा सांगतो का? थोडेसे सांगतो. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला, त्याला २०२२ मध्ये जोडलेली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आली. शक्य असेल तिथवर खलाशांना इंटरनेट द्यावे आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असे तीत म्हटले आहे. ‘शक्य असेल तिथवर’ या शब्दांत मालकाला पळवाट आहे, हे मला कळते. तरी सही करण्याआधी मुलाने विचारावे : महिन्याला किती डेटा फुकट, पुढे काय दर, केबिनमध्ये मिळतो की नाही. आणि नोकरी लावण्यासाठी जो एजंट खलाशाकडून पैसे मागतो तो नियमाबाहेर वागतो, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

ही दुरुस्ती उगाच झाली नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे बंदरे बंद झाली आणि सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकले. त्याच वर्षी २५ जुलैला ‘वाकाशियो’ नावाचे, सुमारे तीनशे मीटर लांबीचे जपानी मालकीचे रिकामे जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढले. इंजिन बिघडले नव्हते. मूळ मार्ग बेटापासून बावीस सागरी मैलांवरून आखलेला होता. तो दोन दिवस आधी पाच मैलांवर आणला आणि त्या दिवशी त्याहूनही जवळ नेला. कशासाठी? ज्या कंपनीने ते भाड्याने घेतले होते तिनेच चौकशीनंतर सांगितले : मोबाईलच्या टप्प्यात यावे म्हणून. त्या किनाऱ्याचा मोठ्या मापाचा नकाशाही जहाजावर नव्हता. सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. कॅप्टन आपल्या भारतातले होते; डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना आणि श्रीलंकेच्या पहिल्या अधिकाऱ्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली.

मी त्या माणसांची वकिली करत नाही. नकाशाशिवाय किनाऱ्याला जाणे हा गुन्हाच. पण वीस माणसे कोरोनाच्या दिवसांत समुद्रावर, घरी काय चालले आहे याचा धड पत्ता नाही, आणि समोर बेटावरचे दिवे दिसतात. त्या वेळी घरून ‘आज व्हिडिओ कॉल कर, अब्बांना बघायचे आहे’ असा तगादा लागला असेल, तर तो कोणाच्या घरून लागला असेल? तुमच्या-माझ्यासारख्याच घरून. वाकाशियोच्या घरच्यांनी काय म्हटले होते मला ठाऊक नाही. आपल्या घरून काय म्हटले जाते ते ठाऊक आहे.

म्हणून पालकांना दोन गोष्टी सांगतो. मुलगा निघताना कंपनीच्या कचेरीचा रात्रीही चालणारा नंबर, जहाजाचे नाव आणि पुढचे बंदर कागदावर लिहून भिंतीला लावा. मोबाईलमध्ये नव्हे, भिंतीला. नकाशावरचा ठिपका थांबला म्हणजे जहाज थांबले असे नव्हे. तो ठिपका किनाऱ्यावरच्या यंत्रांना जहाजाचा संकेत ऐकू येतो तोवरच सरकतो. फुकटच्या नकाशावर खोल समुद्रातला पुढचा प्रवास बहुधा दिसत नाही. दुसरी गोष्ट त्या माझ्या तारेची. आज घरात कोणी गेले की पाचव्या मिनिटाला कुटुंबाच्या ग्रुपवर फोटोसह खबर पडते, आणि मुलगा ती रात्री दोन वाजता पहाऱ्यावर उभा असताना एकटा वाचतो. त्याच्या हाती त्या घडीला तीनशे मीटरचे जहाज असते. अशी खबर आधी कंपनीला कळवा, कंपनी कॅप्टनला कळवील, आणि कॅप्टन त्याला खुर्चीत बसवून सांगेल. थोडा उशीर होईल. मला विचाराल तर तो उशीर चांगला.

मासेमारी बोटींच्या मंडळींसाठी आणखी एक. इंटरनेट हे जीव वाचवण्याचे साधन समजू नका. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास गेले. २०१७ च्या ओखी वादळात जे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचू शकला नाही. त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारे देणारे ‘जेमिनी’ नावाचे यंत्र आले, जे फोनला जोडता येते. त्यावर सूचना येते, आपल्याकडून काही पाठवता येत नाही. संकटाची हाक देणारे वेगळे यंत्र इस्रोने बनवले आहे. ते आणि व्हीएचएफ रेडिओचे सोळा नंबरचे चॅनेल ही खरी हाक मारण्याची जागा. पुतण्याच्या बोटीवर व्हीएचएफची बॅटरी आणि इंटरनेटची बॅटरी आम्ही वेगळ्या ठेवल्या आहेत. मुलांनी रात्रभर सिनेमे पाहून एक संपवली तरी दुसरी शाबूत राहते.

आणि कोणी परदेशी बंदरातून थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाईट फोन स्वस्तात मिळाला म्हणून बॅगेत घालून आणू नये. मुंबईवरील हल्ल्यानंतर सरकारने याबाबत फार कडक धोरण धरले आणि २०१२ मध्ये नौवहन खात्याने तसा आदेशच काढला. विमानतळावर थेट अटक होते. निष्पाप माणसे या पायी अडकलेली मी पाहिली आहेत.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो. माझी जागा यंत्राने घेतली म्हणून जहाजावर यंत्र जाणणारा माणूस नको झाला, असे काही झाले नाही. उलट २०१२ पासून इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर या पदाला आंतरराष्ट्रीय नियमांत स्थान मिळाले. इलेक्ट्रिकल वा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी किंवा पदविका झाल्यावर मान्यताप्राप्त संस्थेत काही महिन्यांचा कोर्स करावा लागतो. संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हे नौवहन खात्याच्या यादीत पाहूनच पैसे भरावेत. घुमटातली डिश, तिच्या मोटारी, जहाजभर पसरलेल्या केबली, हे सारे त्याच्याकडे येते. कप्तानाइतका मान नसेल, पण इंटरनेट बंद पडले की जहाजावर सर्वांत आधी त्याचेच दार ठोठावले जाते, हे मी खात्रीने सांगतो. दहावीचे गणित आणि भौतिकशास्त्र ज्यांना कंटाळवाणे वाटते त्यांनी मघाचा वर्गमुळाचा हिशेब करून पाहावा. आपल्या गावच्या टॉवरची उंची विचारा, सड्याची उंची मिळवा आणि आपली बोट कुठवर बोलू शकेल ते काढा. मग बोटीने जाऊन बघा. उत्तर जुळणार नाही. का जुळले नाही ते शोधायला लागलात की शिक्षण सुरू झाले.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांच्यासाठी पुतण्याची बोट येत्या रविवारी धक्क्याला ठेवायला सांगितली आहे. अँटेना, डबा, बॅटऱ्या, सगळे उघडून दाखवीन. मुलींनीही अवश्य यावे; मागच्या वर्षी केबलचे टोक माझ्यापेक्षा नीट बसवले ते याच शाळेतल्या दोन मुलींनी. सकाळी नऊपर्यंत पोहोचावे. नंतर ओहोटी लागली की बोटीवर जायला शिडीने उतरावे लागते, आणि त्या शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या निखळलेल्या आहेत.